रामरावांनी पास केलेला गोळा

विनय डबीरचं लग्न मोडलं. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून शालू आला होता, बँडवाल्याला सुपारी देऊन झाली होती, आणि मोडलं. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालू. विनयसुद्धा तसंच धरून चालतो आणि दोन्ही वेळा बऱ्यापैकी जेवतो.

तर, लग्न छान ठरत आलं होतं.

साल त्रेचाळीस. लढाई ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपलेली आणि जबलपूरचे कारखाने रात्रंदिवस धडधडत असलेले. त्यातल्याच एका कारखान्यात विनय कारकून होता. त्याला ज्या गोष्टींची भीती वाटायची त्यात भोंगा, ब्लॅकआऊट, शिंगवाली गाय, बिनशिंगी साहेब आणि खोल पाणी या मुख्य. किरकोळ भीत्या त्यानं कधी मोजल्या नव्हत्या. पोहणं येत नव्हतं. डबीरांच्या मूळ गावी विहीर होती, पण घराण्यात तिच्यात डोकावण्यापलीकडे कोणी गेलं नव्हतं, आणि जो गेला त्याचं श्राद्ध भाद्रपदात असे.

रामराव हरदास त्याच कारखान्यात गोळे तपासायचे. तोफेचा तयार गोळा त्यांच्यापुढे आला की ते त्याला लहानशा हातोडीनं ठोकत, कान लावून आवाज ऐकत, माप घेत आणि मनास आला तर आपला शिक्का मारत. रामरावांनी पास केलेला गोळा फुटला नाही असं आजवर झालं नव्हतं. निदान ज्यांच्यावर तो पडला त्यांच्याकडून तक्रार आली नव्हती. मुलीसाठी, म्हणजे शैलजेसाठी, आलेली स्थळंही ते असंच तपासत. हातोडी तेवढी वापरत नसत. आजवरचे सगळे मुलगे 'घाबरट' या एका शेऱ्यावर नापास झाले होते.

विनयचे पोहे खाऊन झाले तेव्हा रामराव म्हणाले, "माणूस खुर्चीवर बसून समजत नाही, बापा. रविवारी सकाळी नर्मदेवर ग्वारीघाटावर ये. होडीत बसू."

"होडीत काहून, काका?"

"मासे धरायला. काहून, भीती वाटून राहिली का?"

"छे छे," विनय म्हणाला, आणि बशीतला चमचा त्याच्या हातून खाली पडला. दाराआडून शैलजा हसली. त्या हसण्यासाठी माणूस खुशाल बुडून मरेल, असं विनयला त्या क्षणी वाटलं. रविवारपर्यंत त्या वाक्यातलं 'बुडून मरेल' एवढंच शिल्लक राहिलं.

रामरावांना मासेमारीचा परवाना होता आणि तो साधासुधा नव्हता. सिविल लाइंसमध्ये हौसेनं गळ टाकणाऱ्या गोऱ्या साहेबांचं एक अँगलिंग मंडळ होतं. लढाई लागल्यावर साहेब एकेक करत आघाडीवर गेले आणि मंडळात माशांपेक्षा माणसं कमी झाली, तेव्हा रामरावांना आत घेतलं गेलं. साहेबांना नियम अर्धेमुर्धे आठवत. रामरावांना सगळे पाठ होते. परवाना ते टोपीच्या आत ठेवत आणि टोपी नदीवरसुद्धा काढत नसत.

रविवारी नथ्थू नावाड्याची होडी घाटावर तयार होती. पलीकडे पंडे, फुलवाल्या, आंघोळीवाले यांची गर्दी. विनय होडीत बसला तो दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरूनच. होडी डुचमळली. विनयनं डोळे मिटले आणि उघडले तेव्हाही तो होडीतच होता, याचं त्याला मनापासून आश्चर्य वाटलं.

"बाबूजी, नाव की कोर छोड़ दो," नथ्थू म्हणाला. "नाव को पकड़ने से नाव नहीं रुकती."

घाट बराच मागे पडून वरचा डोह आल्यावर रामरावांनी विनयच्या हातात काठी दिली. काठीला चरखी, चरखीला रेशमी दोरी, दोरीच्या टोकाला तारेवर पितळेचा चमकता चमचा आणि त्याखाली तीन तोंडांचा गळ.

"याला ट्रोलिंग म्हणतात," रामराव म्हणाले. "होडी चालती ठेवायची आणि मागून चमचा ओढायचा. महाशीर माशाला वाटते, लहान मासोळी पळून राहिली. तो झडप घालते. होडी थांबली की चमचा बुडते आणि दगडगोट्यात अडकते. म्हणून वल्हं थांबवायचं नाही, नथ्थू."

"हओ."

"एका माणसाला एकच काठी. इंजनाची होडी चालत नाही, हातानं वल्हवलेलीच पाहिजे. घाटाच्या टप्प्यात दोरी पाण्यात नाही. तिथले मासे लोकांच्या हातचं खातेत, त्यांच्यावर गळ टाकणं म्हणजे पंगतीत बसलेल्याच्या पाठीत सुरी. आणि तू माझा पाहुणा आहेस. तुझ्या चुकीला माझा परवाना जबाबदार. समजलं?"

"समजलं, काका."

"आजकाल लोक बारूद टाकतेत पाण्यात. धडाम् करून सारा डोह मारतेत, पोटात अंडी असलेल्या माद्यासुद्धा. कारखान्यांच्या गावात बारूद काय, भाजीसारखी भेटते. ते हरामखोर वेगळे, आपण वेगळे. आणि हे पाह्य, दोरी कापायची नाही. काही झालं तरी नाही. तोंडात गळ अडकलेला मासा पाण्यात सोडणं हे पाप मंडळ खपवून घेत नाही. जिवाला धोका असेल तरच कापता येते."

"धोका म्हणजे नेमकं काय, काका?"

"ते नियमात लिहिलं नाही. सभ्य माणसाला समजते."

विनयला होडीत पाऊल ठेवल्यापासूनच धोका समजत होता, पण त्यानं सभ्यपणे तोंड बंद ठेवलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. वल्ह्यांचा चुबुक् चुबुक् आवाज, काठावर एक टिटवी, आणि विनयच्या मांडीखाली पाण्याइतकीच गार फळी. त्याला वाटलं, होईल, हेही पार पडेल, वैशाखात वरात निघेल. तेवढ्यात काठी वाकली.

वाकली म्हणजे अशी, की पाण्यातून कोणीतरी हात धरून ओढावं. चरखी किंचाळली.

"लागला!" रामराव ओरडले. "मोठा आहे! धरून ठेव! नथ्थू, हळू!"

पण मासा पळेना. तो नुसताच होता. ओढ लागली की पाण्याखालून आवाज यायचा : टण्ण. मग शांत. पुन्हा होडी जराशी सरकली की, टण्ण.

"मासे असे वाजतेत का, काका?" विनयनं विचारलं.

 रामरावांनी नथ्थूला होडी मागे घ्यायला लावली. फाल्गुनातलं पाणी नितळ होतं आणि तिथे पाण्याखाली दगडाचा एक कठडा होता. कठड्याच्या अगदी कडेवर एक कुजकं पोतं पडलेलं. पोत्याभोवती तार गुंडाळलेली आणि विनयचा गळ त्या तारेत अडकलेला. पोतं एका बाजूनं फाटलं होतं. फाटलेल्या जागेतून जे बाहेर डोकावत होतं त्याला निमुळतं टोक होतं आणि अंगावर रंगाचा पट्टा होता. महाशीरला असा पट्टा नसतो.

नथ्थूनं ते पाहिलं आणि "नर्मदे हर" म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मग थांबेचना.

"कोणीतरी चाचणीच्या मैदानातून गोळा उचलून आणला," रामराव हळूच म्हणाले. "चाचणीत डागलेला, न फुटता पडलेला. मासे मारायला पाण्यात टाकला असन. फुटला नाही म्हणून सोडून पळाले."

पोटात गोळा येतो म्हणतात, तो विनयच्या आला. बाहेर एक, आत एक.  हाताची बोटं काठीवर होती, पण ती त्याची राहिली नव्हती. कुणीतरी उसनी दिल्यासारखी ती थरथरत होती, आणि बोटं थरथरली की दोरी थरथरत होती, आणि दोरी थरथरली की खाली : टण्ण.

"हलू नको!" रामराव.

"मी हलत नाही, काका. मी घाबरून राहिलो."

यानंतर रामरावांनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. ते होडीच्या कडेवर पालथे झाले, एका हातानं टोपी धरली आणि तोंड पाण्यात घातलं. बराच वेळ ते तसेच होते. वर आले तेव्हा मिशांतून पाणी गळत होतं. चेहऱ्यावर एकाच वेळी बाप झाल्याचा आनंद आणि बाप गेल्याचं दुःख होतं.

"शिक्का माझा आहे," ते म्हणाले. "मी पास केलेला."

आणि सवयीचा हात पुढे गेला. त्यांनी नथ्थूचं सुटं वल्हं उचललं, दांड्याचं टोक पाण्यात घातलं आणि गोळ्याला ठोकून आवाज ऐकायला निघाले.

विनय आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्या माणसाच्या अंगावर ओरडला. "काका!!"

वल्हं थांबलं, गोळ्यापासून एका वितीवर.

"सवय," रामराव पुटपुटले, आणि वल्हं अलगद वर घेतलं.

आता परिस्थिती अशी होती. प्रवाह होडीला खाली ओढत होता आणि नथ्थू तिला वल्ह्यांवर जागच्या जागी धरून होता. त्याचे दंड फुगले होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. तो थकला की होडी वाहणार, दोरी ताणणार, आणि पोतं कठड्यावरून खालच्या खडकांवर आपटणार. चरखीतून दोरी सोडत जावं तर चरखीला शेवट होता. गळ सोडवायला पाण्यात उतरावं तर कोणी?

"बाबूजी, जल्दी कुछ करो," नथ्थू म्हणाला. "हमाए हाथ जा रए."

"दोरी कापू, काका," विनय म्हणाला.

"नियम आहे."

"जिवाला धोका असेल तर कापता येते, तुम्हीच सांगितलं!"

"धोका आहे हे कोण ठरवणार? तू घाबरला हा काही धोका नव्हे. तू तर पोह्याच्या बशीलाही घाबरला होता." रामराव खाली बघत राहिले.  "आणि गोळा चाचणीत फुटला नाही. म्हणजे फुसका. मी पास केलेला गोळा फुसका निघाला, विनय. फुसका असला तर धोका नाही. धोका नाही तर दोरी कापता येत नाही."

होडी वीतभर सरकली. टण्ण.

विनयच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि अंधारीत त्याला एकदम समजलं, की या माणसाला वाचवायचं तर नदीतून नाही, शिक्क्यातून वाचवायला हवं.

"फुसका?" तो म्हणाला. दात वाजत होते, पण शब्द बाहेर पडत होते. "काका, कोण म्हणते फुसका? तुमच्या हातचा गोळा! सारा कारखाना जाणते. तो फुटणारच. त्याला फक्त जरा उशीर झाला."

रामरावांनी मान वर केली. "फुटेल म्हणतोस?"

"आत्ता! केव्हाही! होडी, आपण, नथ्थू, काही शिल्लक राहत नाही. असा दणका की ग्वारीघाटावरचे पंडे उडून सिविल लाइंसमध्ये पडतेत. काका, मी तुमच्या गोळ्याला घाबरलो आहे. पुरा घाबरलो आहे. अशी भीती मला जन्मात कशाची वाटली नाही!"

यातला शब्द न् शब्द खरा होता. कदाचित म्हणूनच तो लागू पडला. रामरावांचे डोळे भरून आले. "हे मला आजवर कोणी म्हटलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांची मान हलली. वर-खाली. विनयनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं नथ्थूच्या पायाजवळचा विळा उचलला आणि दोरीवर ओढला.

दोरी तुटली. होडी सुटलेल्या वासरासारखी प्रवाहाला लागली. तिघेही होडीत आडवे, हात कानांवर. धडाका आला नाही. टिटवी ओरडली तेव्हा तिघेही एकदम किंचाळले.

नथ्थूनं होडी काठाला लावली, पाय जमिनीला लागताच एक लांब बांबू तोडला, त्याला आपला लाल पंचा बांधला, आणि काठाकाठानं जाऊन कठड्याच्या अलीकडच्या उथळ पाण्यात तो रोवून आला. येताना पळत आला. "अब कोई नहीं जाएगा उधर," तो म्हणाला.

रामरावांविषयी एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ते ओल्या मिशांनिशी, घरी न जाता, सरळ कारखान्यात वर्दी द्यायला गेले. स्वतःच्या शिक्क्याविरुद्ध. विनय मागून चालत होता. रामरावांचे गुडघे धोतरातून वाजताना त्याला ऐकू येत होते.

हेडक्लार्क भय्यासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं, खाल्लं आणि म्हणाले, "हरदासजी, गोळे मोजलेले आहेत. बनले तेवढे, गेले तेवढे, फुटले तेवढे. एकही कमी नाही. अच्छा, मग नदीत कुठून येईल?"

"मी शिक्का पाहिला, भय्यासाहेब."

"पाण्यात तोंड घालून? लढाईचे दिवस आहेत. नदीत गोळा आहे म्हणणं ही अफवा. अफवेला कोठडी आहे. मी काही ऐकलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. चलो, राम राम."

विनयला कोठडीचीही भीती वाटली, पण तिचा नंबर आता खूप मागे होता. बाहेर पायरीवर रामराव खाली बसले. टोपीतून परवाना काढून त्यांनी तो गुडघ्यावर सपाट केला. मग ते म्हणाले,

"गोळा नाही."

"काका, आपण दोघांनी पाहिला!"

"वरून आलं, नाही म्हणून. म्हणजे नाही. गोळा नाही तर धोका नव्हता. धोका नव्हता तर तू दोरी काहून कापली?"

"तुम्ही मान हलवली. हो म्हणून."

"ती हो म्हणून नव्हती हलली."

"मग कशी हलली?"

 परवाना परत टोपीत गेला, टोपी डोक्यावर. "विनाकारण दोरी कापणाऱ्याला माझी पोरगी मी देत नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

शैलजा भेटली ती पाण्याच्या नळावर. हातात भरलेली बादली, आणि बादलीतल्या पाण्याकडे बघूनही विनय एक पाऊल मागे सरकला.

"बाबा रात्रभर झोपत नाहीत," ती म्हणाली. "दार वाजलं की दचकतात. सच बोलू? मान भीतीनंच हलली होती. पण भीतीनं हलली म्हटलं तर आजवर जेवढे मुलगे घाबरट म्हणून परत पाठवले ते सगळे उद्या दारात येऊन उभे राहतील. आणि हो म्हणून हलली म्हटलं, तर विनाकारण दोरी कापू दिली म्हणून मंडळ परवाना घेईल. बिचाऱ्यांना मान हलवायला जागाच उरली नाही."

"मग आता?"

"तुम्ही घाबरला होता ना?"

विनयनं खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "हो. अजून आहे. झोपलो तरी टण्ण ऐकू येते."

"अच्छा. एक तरी माणूस कबूल करतो," शैलजा म्हणाली आणि बादली खाली ठेवली. "बाबा म्हणतात, त्यांना एकच गोष्ट पटेल. कापलेली दोरी माफ व्हायची असेल तर गळ पाण्यातून काढून मंडळासमोर ठेवावा लागतो. तसा नियम आहे म्हणे. गळ आला की दोरी कापलीच नाही असं धरतात."

"गळ गोळ्याला अडकला आहे, शैलजा."

"तेच तर. गळासोबत गोळाही येईल. मग तो 'नाही' कोण म्हणेल? बाबांनाच पटेल आधी."

 तरीही पुढच्या रविवारी विनय ग्वारीघाटावरून वरच्या डोहाकडे गेला, काठाकाठानं, झाडं धरत धरत. नथ्थूचा बांबू उभा होता. लाल पंचा फडफडत होता. आणि त्याच्यासमोर माणसांची रांग लागली होती.

नर्मदेत लाल झेंडा दिसला तर तिथे देव असणारच, एवढी साधी गोष्ट नथ्थूच्या लक्षात राहिली नव्हती. कोणी म्हणत होतं भैरोबाबा प्रकटले, कोणी म्हणत होतं जलदेवी. होड्या भरभरून बाया येत होत्या, कुंकू वाहत होत्या. आणि प्रत्येक जण, झेंड्याच्या अंगावर, कठड्याच्या दिशेनं, जमेल तेवढ्या जोरानं नारळ फेकत होता.

विनय तिथेच वाळूत बसला. नारळ पाण्यात पडला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे. डुबुक्. डोळे उघडायचे. डुबुक्. "मत फेंको!" तो ओरडला, पण घशातून नुसता वारा आला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला हात जोडले. अशी थरथर अंगात येते ती फक्त खऱ्या भक्ताच्या, असं तो बायकोला समजावत होता. तिनं विनयच्या पायाशी बत्तासे ठेवले.

घरी येऊन विनयनं दार लावलं, कोरा कागद घेतला आणि मंडळाला अर्ज लिहिला. मंडळाचे चिटणीस साहेब ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते आणि सिविल लाइंसमधल्या कचेरीला कुलूप होतं. चौकीदार आलेला प्रत्येक कागद दाराखालून आत सरकवायचा. आत अंधारात कागदांचा ढीग साचला होता, आणि त्यावर मांजर व्यायली होती असं चौकीदारच सांगे. हे ठाऊक असूनही विनयनं अक्षर वळणदार काढलं. जिथे अक्षर वाकडं झालं तिथे शब्द खोडून पुन्हा लिहिला.

मा. चिटणीस, अँगलिंग मंडळ, सिविल लाइंस, जबलपूर, यांचे सेवेशी.

विनंती अर्ज.

अर्जदार विनय डबीर, पाहुणा, परवानाधारक रामराव हरदास यांचा, सविनय सादर करतो की, अर्जदाराने ट्रोलिंग करतेवेळी दोरी कापली असून सदर दोरीचा पितळी चमचा गळासह वरच्या डोहात कठड्यावर आहे. सदर चमचा ज्या वस्तूस अडकला आहे ती वस्तू अस्तित्वात नसल्याचे वरिष्ठांकडून समजले आहे. सबब ती वस्तू कोणासही इजा करू शकत नाही. तरी मंडळाने आपल्या सभासदांपैकी, वस्तू नाही यावर ज्यांचा पूर्ण विश्वास आहे व ज्यांस पोहता येते असे एक गृहस्थ नेमून, त्यांचेकरवी सदर चमचा हलक्या हाताने सोडवून, वस्तूसह मंडळासमोर हजर करण्याची तजवीज वैशाख शुद्ध पक्षाच्या आत करावी. तोपर्यंत डोहात नारळ टाकण्यास सक्त मनाई करावी, तसेच अर्जदारास घाबरण्याची रीतसर परवानगी मिळावी, ही विनंती.